चौथ्या दगडाची हाक

जेथ्रो पास्कचा आवाज असा खणखणीत, की एड्समच्या दलदलीपलीकडची गुरंसुद्धा माना वर करायची. म्हणून तर तीस वर्षं शिवेची हाळी त्याच्याकडे. दर मे महिन्यात सगळा गाव शीव फिरतो आणि दगडादगडापाशी जेथ्रो गावाचं एकेक नाव हाकारतो. पहिल्याशी आजचं एड्सम, दुसऱ्याशी त्याआधीचं एडिशम, तिसऱ्याशी आणखी जुनं एडिथम. पाण्याकाठच्या चौथ्या दगडाशी मात्र टोप्या काढून गप्प उभं राहायचं. तिथलं नाव ज्या बाईनं गाव वसवला तिचं. ती त्याच पाण्यात बुडाली. हाक मारली तर घरी येईल, म्हणून मारायची नाही.

त्या वर्षी जुनी कागदपत्रं चाळताना पाद्रीबुवा सहज बोलून गेले, "चौथ्या दगडाची ती बाई ईडगिथ. म्हणजे आजच्या बोलीत एडिथच की!"

जेथ्रोनं ते नाव दोनदा विचारून घेतलं. एडिथ त्याची बायको. अकरा वर्षांपूर्वी बदकं आणायला त्याच पाण्याकडे गेली, ती गेलीच. प्रेतसुद्धा मिळालं नाही. नाव एकच, तर त्या हाकेला तीही ओ देईल. एकदा, फक्त एकदा तिचा आवाज ऐकायचा होता त्याला. मग गावाचं काय व्हायचं ते होवो.

शीव फिरायच्या दिवशी शेजारीण हेस्टर म्हणाली, "आज दाढीबिढी? कुणाला भेटायला निघालास रे?"

"तुला नाही, एवढं नक्की."

चौथ्या दगडाशी टोप्या निघाल्या. भर दुपार, लख्ख ऊन. जेथ्रोनं छाती भरून घेतली.

"ईडगिथ!"

"अरे मेल्या, काय केलंस हे!" हेस्टर किंचाळली.

वारा नव्हता. लव्हाळं हललं नाही. पण त्यातून ओ आली, अगदी जवळून. "आले."

बाईचाच आवाज. पण एडिथचा नव्हे.

लोक वाट फुटेल तिकडे पळाले. जेथ्रोला पळवेना. तो घराकडे चालू लागला, तशी मागून ओल्या पावलांची चपचप येऊ लागली. तो थांबला की तीही थांबायची. मागं वळून बघायची छाती झाली नाही त्याची.

घरात शिरताच त्यानं कडीला हात घातला. चपचप उंबऱ्याशी येऊन थांबली. दार लोटायचं, बस्स. पण आपली एडिथही अशीच कुणाच्या तरी दाराशी ओलीचिंब उभी असेल तर?

कडी सोडून तो बाजूला सरकला.

"ये बाई, आत ये," तो म्हणाला. "पाय तेवढे पूस."