भोक न पाडलेला स्लॅब

वारा सुटला की भिकनची नजर गच्चीकडे जायची. पूर्वी असं नव्हतं. गच्चीवर विजेचं सोलर पॅनेल बसल्यापासून हे सुरू झालं.

भिकन मूळचा नामपूरचा. तरुणपणी नाशकात आला आणि जन्मभर स्लॅब भरले. डोक्यावर काँक्रीटची पाटी, पायाखाली थरथरणारी फळी. काम एकदा सुरू झालं की थांबायचं नाही. थांबलं की जोड राहतो आणि जोडातून पाणी येतं. उपनगरच्या वसाहतीतल्या स्वतःच्या घराचा स्लॅबही त्याने असाच एका दमात भरला. इतके पावसाळे गेले, थेंब गळला नाही.

सोलर घेतला तो बिलापायी. सून स्नेहा घरात शिलाई करायची. मशीन आणि पंखा दिवसभर चालू, उन्हाळ्यात बिल अडीच हजारांवर. अनुदान वजा जाता लाखभर रुपये भिकनने साठवणीतले घातले. बिल दीडशेवर आलं. चार वर्षांत पैसे वसूल, असं मुलगा राकेश म्हणाला होता, आणि तसंच होत होतं.

चूक झाली ती बसवताना. फिटर साई ड्रिल घेऊन गच्चीवर आला, तेव्हा भिकन आडवा उभा राहिला.

"स्लॅबला भोक पाडायचं नाही."

"काका, फ्रेमचे पाय बोल्टने पक्के करावे लागतात. भोकात केमिकल भरतो, गळणार नाही."

"गळलं तर तू येशील का बादली धरायला? सिमेंटचे ठोकळे टाक. वजनावर राहील."

"वारा खालून घुसतो, काका. पॅनेल उचलतो."

"मला स्लॅब शिकवू नको."

साईने राकेशकडे पाहिलं. राकेश बापाचं ऐकून ठोकळे आणायला निघाला. ठोकळे टाकले गेले.

मे महिन्यात एका दुपारी, राकेश-स्नेहा बाहेर गेलेले असताना, पांडवलेण्यांच्या बाजूने आभाळ काळं झालं. धूळ उठली, लाईट गेली. भिकन जिना चढून वर आला आणि जागीच थिजला. फ्रेमचा एक पाय ठोकळ्यासकट उचलला जात होता आणि धप्पकन खाली बसत होता. पलीकडे, भिंतीला भिंत लागून, नवसाबाईचं पत्र्याचं घर. आत ती आणि तिची पाळण्यातली नात.

तो कठड्याकडे धावला. जीव खाऊन ओरडला, "नवसाबाई, पोरीला घेऊन बाहेर निघा!"

"वादळात बाहेर? भिकनभाऊ, ऊन लागलं का डोक्याला?"

"सोलर उडतोय! तुमच्या पत्र्यावर येईल!"

"आता गं बया! बिल वाचणार तुमचं, अन् डोकं फुटणार आमचं!" पण आवाज कापत होता. कडी वाजली.

भिकन फ्रेमला लोंबकळला. त्याचं सगळं वजन त्या पायावर होतं, तरी पाय उठत होता. तेवढ्यात बायको लताबाई वर आली.

"अहो, सोडा ते! शॉक बसेल!"

"कपड्यांची दोरी काढ. आधी दोरी!"

वरच्या मजल्यासाठी खांबांच्या सळया गच्चीतून वर काढून ठेवलेल्या होत्या. दोरी फ्रेममधून ओवून सळईला वळसा दिला. तो ओढायचा, ती गाठ मारायची. ओढणारा ढिला पडला तर गाठ फुकट. त्याच्या तळहाताची साल निघाली, पण त्याने पकड सोडली नाही. एक कोपरा, मग दुसरा. गारा सुरू झाल्या. फ्रेम कण्हत होती, पण आता उठत नव्हती.

वारा पडला तेव्हा भिकन स्लॅबवरच बसला. तिथूनच त्याने साईला फोन लावला.

"उद्या सकाळी ड्रिल घेऊन ये. सगळे पाय ठोक."

"आणि गळलं तर, काका?"

"गळू दे."

खाली नवसाबाई भिजलेल्या नातीला पदरात गुंडाळून त्याच्या ओट्यावर उभी होती. आभाळ अजून भरलेलं होतं.

"आज इथंच झोपा," भिकन म्हणाला.

"त्या सोलरच्या खाली?"

"तुमच्या डोक्यावर पत्रा आहे. इथं स्लॅब आहे."

नवसाबाई आत आली. "मी लय घोरते, सांगून ठेवते," म्हणाली. लताबाईने चटई टाकली, पोरगी झोपली. भिकन मात्र दारात बसून राहिला. समोरच्या झाडाचं पान हललं की त्याची मान वर जायची.