कुत्र्याची नागली

आमच्या जव्हारच्या कॉलनीत घरटी एक कुत्रा आहे. एकच. दोन असले की माणूस खेड्यातला ठरतो, आणि एकही नसला की याचं बस्तान अजून बसलेलं नाही असं लोक धरतात. कॉलनीत आम्ही सगळे गुरुजी, कारकून, ग्रामसेवक. बहुतेकांचे आईबाप अजून पाड्यावर भात आणि नागली, म्हणजे तुमची नाचणी, लावतात. पण संध्याकाळी हातात पट्टा धरून फिरायला निघालं की हे कुणाला ओळखू येणार नाही, अशी प्रत्येकाची खात्री असते.

मी आमच्या पाड्यातला पहिला ग्रॅज्युएट. हे मी सारखं सांगतो असं बायको म्हणते. सांगतो. डोंगर उतरून शाळा केली, वसतिगृहातली पातळ डाळ पिऊन बी.ए. झालो, कचेरीत लागलो. मी नाही सांगितलं तर कोण सांगणार आहे? तेव्हा मलाही कुत्रा लागत होता. एका इंजिनियर साहेबांची बदली झाली आणि त्यांनी जाताना कूलर आणि लॅब्रॅडोर मागे ठेवला. कूलर माझ्या वरच्या साहेबांनी उचलला. लॅब्रॅडोर माझ्या वाट्याला आला.

कॉलनीत कुत्र्याशी इंग्रजीत बोलतात. बायकोशी मराठी, आईशी घरची बोली, ठाण्याहून काम शिकून आलेल्या प्लंबरशी हिंदी आणि कुत्र्याशी इंग्रजी. आमचे शेजारी गुरुजी, सगळं आयुष्य मराठी शाळेत गेलं, पण संध्याकाळी "सिट" म्हणताना त्यांचा आवाज वेगळाच लागतो. कुत्रा बसत नाही, ती गोष्ट निराळी.

कुत्रा एक ठेवावा की जास्त, यावर रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसून आमची चर्चा व्हायची. गुरुजींचं मत पक्कं होतं. एक असला की तो आपला असतो, दोन असले की ते एकमेकांचे होतात. मला हे पटलं होतं. आजही पटतं.

माझ्या आईकडे कुत्री किती, हे मात्र महिना कोणता ते विचारल्याशिवाय सांगता येत नाही. ती राहते मोखाड्याच्या वरच्या अंगाला, सूर्यमाळच्या बाजूच्या पाड्यावर. पावसाळ्यात तिच्याकडे एक कुत्रा. दिवाळी झाली, भात घरात आलं, की सडकेला ट्रक लागतो आणि पाडा वीटभट्टीवर जातो, कुणी भिवंडीकडे, कुणी वसईकडे. पोरं जातात, कोंबड्या जातात, हंडे जातात. कुत्रा जात नाही. एक तर भट्टीला मजूर नेणारा मुकादम ट्रकमध्ये कुत्रा चढवू देत नाही, आणि चढवला तरी भट्टीवरची कुत्री त्याला फाडून काढतात. तेव्हा पाड्यातली सगळी कुत्री मागे राहणाऱ्याकडे राहतात. आमच्या पाड्यात मागे राहते ती माझी आई.

याची आमच्याकडे एक रीत आहे. जाणारं घर जाताना तिच्या ओट्यावर टोपलीभर नागली ओतून जातं. ती कुत्र्याची नागली. कुणी मागत नाही, कुणी मापत नाही. आई ती दळते, आंबील शिजवते, आणि दिवस मावळायला आला की अंगणात उभी राहून यू यू करते. होळीला माणसं परत येईपर्यंत तिचं अंगण म्हणजे कुत्र्यांचं वसतिगृह. डाळही तशीच पातळ.

मी तिला कितीदा सांगितलं, फोनवर सांगितलं, घरी जाऊन सांगितलं, की एक ठेव, बाकीची हाकल. तिचं उत्तर ठरलेलं. एकटा कुत्रा म्हणजे वाघाचा घास. बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात. चार जण ओरडले तर तो विचार करतो, एकटा ओरडला तर त्यालाच उचलतो. मी म्हणायचो, तू वाघासाठी माणसं सोडून कुत्री सांभाळतेस. ती म्हणायची, तुला डिग्री हाये, तू बोल.

या थंडीत हा वाद वाढला, कारण तिचा डोळा पिकला. एक आधीच अधू, दुसऱ्यात मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्याच्या आत करून घ्या. आमच्याकडे उन्हाळ्याच्या आत याला अर्थ आहे. होळी झाली की पाड्यावरची विहीर कोरडी पडते आणि पाण्याला खाली झऱ्यावर उतरावं लागतं, सगळा दगडांचा उतार. गेल्या साली ती हंड्यासकट घसरत आली होती. हंडा चेपला, ती वाचली. यंदा अशा डोळ्यांनी उतरली तर काय होईल, ते मला रोज कचेरीत फायली लावताना दिसायचं.

मी तिला न्यायला गेलो, तर ती ओट्यावर बसून नागली पाखडत होती.

"होळी झाली का येते," म्हणाली.

मी म्हणालो, होळी झाली की झरा आहे. त्याच्या आधीच डोळा व्हायला पाहिजे.

"आन् ह्यांना कोण घालंल?"

अंगणात ते सगळे पसरलेले. काळे, करडे, एक तुटक्या कानाचा. मी म्हणालो, कुत्री आहेत, काहीतरी बघतील. तिनं सूप खाली ठेवलं.

"मी पन भट्टीला जायची. तू झोळीत व्हतास. होळीला परत यायचो तर घराचं कूड मोडल्यालं, चूल उकरल्याली. पुढं येनारा एक कुत्राच असायचा. तो बी नसता तर मानूस दारात उभा राहून काय करल?"

यावर मी जरा मोठ्यानं बोललो. उपयोग झाला नाही. डोळा की कुत्री असा सरळ प्रश्न होता आणि ती कुत्री म्हणत होती.

घरी आल्यावर निकाल बायकोनं लावला. "अहो, आईंना मी नेते. बायकांच्या वॉर्डात तुम्हाला तसंही बाहेरच बसवतील. तुम्ही जा कुत्री सांभाळायला."

कचेरीत रजेचा अर्ज दिला. कारण, आईचं ऑपरेशन. मोठ्या साहेबांनी रजा मंजूर केली आणि म्हणाले, दवाखान्यात भेटायला येतो. मी म्हणालो, मी दवाखान्यात नसेन, सूर्यमाळला असेन. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा घातला. लॅब्रॅडोरलाही सोबत न्यावं लागलं. दवाखाना आणि कुत्रा दोन्ही मी बघणार नाही, असं बायकोनं सांगितलं होतं आणि कॉलनीत कुणी ठेवून घेईना. गुरुजी म्हणाले, "ठेवला असता भाऊसाहेब, पण आमच्याकडं एकच असतो." मग काळीपिवळी जीपमध्ये तो माझ्या मांडीवर बसून मोखाड्यापर्यंत आला, आणि सगळ्या वाटेत लोकांनी त्याची चौकशी केली, माझी नाही.

पाड्यावर पोचलो तेव्हा आईची कुत्री त्याच्याभोवती गोळा झाली. त्यानं भुंकावं, निदान उभं राहावं अशी माझी अपेक्षा होती. तो चारी पाय वर करून उताणा पडला. कुत्र्यांनी त्याला हुंगलं, काही विशेष नाही असं ठरवलं आणि आपापल्या जागी जाऊन बसली.

संध्याकाळी मी शिस्तीनं काम केलं. आंबील शिजवली, ॲल्युमिनियमच्या थाळ्या ओळीनं मांडल्या, एकाला एक. एकही कुत्रा पुढे येईना. अंगणाच्या कडेला बसून ती माझ्या खांद्यावरून पलीकडे, सडकेच्या वाटेकडे बघत राहिली. मी मराठीत बोलावलं. सवयीनं इंग्रजीतही बोलावलं. शेवटी आईसारखा आवाज काढून यू यू केलं. तेव्हा उठली, थाळ्यांना पाय लावून गेली आणि दगडाच्या डोणीपाशी जाऊन उभी राहिली. रोजची जागा तीच. आंबील डोणीत ओतली. लॅब्रॅडोर तेवढा थाळीपुढे बसून होता.

वाघाचं म्हणाल, तर एकदा तिन्हीसांजेला सगळी कुत्री एकदम उठून रानाकडे तोंड करून भुंकायला लागली. कोंबड्या आत पळाल्या. लॅब्रॅडोर माझ्या खाटेखाली गेला. मी खाटेवर पाय वर घेऊन बसलो होतो, तेव्हा त्याला बोलण्यात अर्थ नव्हता. वाघ आला नाही. तो कुत्र्यांमुळे आला नाही की मुळात नव्हताच, याचा पुरावा माझ्याकडे नाही.

एक शोध मात्र मी लावला. रोज जेवणाच्या वेळेला सडकेच्या अंगानं एक लाल कुत्रा यायचा. जाड, अंग चकचकीत, मानेवर पट्ट्याचा वळ. सगळ्यांच्या आधी डोणीत तोंड घालायचा आणि खाणं झालं की थेट परत. राखणीला थांबायचा नाही. मी त्याच्या मागे जाऊन बघितलं. सडकेच्या वळणावर स्लॅबचं घर, दारात ट्रॅक्टर. मुकादमाचं. म्हणजे ज्यानं लोकांची कुत्री ट्रकमध्ये चढू दिली नाहीत, त्याचा कुत्रा त्या कुत्र्यांची नागली खात होता. मी काठी घेऊन त्याला हाकललं. दुसऱ्या दिवशी तो जरा लवकर आला.

डॉक्टरांनी सोडल्यावर बायको आईला जीपनं घेऊन आली. काळा चष्मा, डोक्यावर पदर, सिनेमातल्यासारखी दिसत होती. संध्याकाळी ओट्यावर बसून तिनं चष्मा जरा वर केला, यू यू केलं आणि कुत्री बघायला लागली. ह्यो वरच्या घरचा. ही खालच्या घरची, गाभण हाये, सांगितलं नाय कुणी. ह्यो रोडावला, आंबील पातळ केली तू. मग ती थांबली.

"ह्यो लाल कुनाचा?"

"मुकादमाचा," मी म्हणालो. "तुला दिसत नव्हतं, तू रोज घालत होतीस."

मला वाटलं आता काठी मागेल. शोध माझा होता, तेव्हा मी काठी जवळच ठेवली होती. पण तिची नजर पुढे सरकली होती.

"आन् ह्यो पिवळा?"

"हा माझा."

"ह्याची नागली?"

मी आत जाऊन नाशिकहून मागवलेली त्याच्या खाण्याची पिशवी आणली. तिनं ती नव्या डोळ्याजवळ धरली. पिशवीवर एक कुत्रा हसत होता. तिनं त्याला नीट बघून घेतलं आणि पिशवी मला परत दिली.

"मंग दोघांची आली नाय. मुकादमाची आन् तुझी."

बायको आत जाऊन हसली. मी आईला समजावलं, की मुकादमात आणि माझ्यात फरक आहे. मी शिकलेला, सरकारी नोकर, कुणाला ट्रकमध्ये घालून नेत नाही. तिनं सगळं ऐकलं. म्हणाली, असंल फरक, टोपली दोघांची बी नाय.

दुसऱ्या दिवशी मी मोखाड्याच्या बाजारात नागली घेतली. दुकानदार ओळखीचा. त्यानं विचारलं, भाऊसाहेब, तुमच्या घरी पिकते ना? मी म्हणालो, पिकते, ही कुत्र्यासाठी. त्यानं पुढे काही विचारलं नाही, याचा अर्थ तोही तिकडचाच. आईनं पिशवीतली घेतली नाही. टोपलीत ओतून ओट्यावर आणायला लावली, बाकीच्यांनी आणली तशी. आणि एकदा टोपली टाकली की कुत्रा होळीपर्यंत तिथलाच, अशी रीत, तेव्हा लॅब्रॅडोर तिथेच राहिला. कॉलनीत मी सांगितलं, हवापालटाला पाठवलाय.

होळीला ट्रक परत आला तेव्हा मी पाड्यावर आलेलो होतो. मुकादम पुढे ड्रायव्हरशेजारी. माणसं हंडे, पोरं, कोंबड्या उतरवत होती. आई चष्मा लावून सडकेपर्यंत गेली, वाटेतले दगड एकेक बघत, मला हात धरू न देता. सरळ मुकादमापुढे उभी राहिली.

"तुझा लाल माझ्याकडं जेवतो. नागली घाल, नायतर दारात बांध."

मुकादम हसला. "आजी, कुत्रा हाये तो. जातो कुठं बी."

"ह्यांची बी कुत्रीच हायेत. ह्यांनी घातली." आणि माझ्याकडे हनुवटी करून म्हणाली, "ह्यानं बी घातली, उशिरानं."

उतरणारी माणसं थांबली होती. मागे कुणीतरी हसलं आणि मग बरेच हसले, भट्टीवरून आलेल्या, विटांच्या धुळीनं लाल झालेल्या तोंडांनी. मुकादमानं संध्याकाळी टोपली पाठवली. नागली नव्हती, तांदूळ होते. आईनं ते कोंबड्यांना घातले, आणि दुसऱ्या दिवसापासून लाल कुत्रा दारात बांधलेला दिसला.

बाकीच्या कुत्र्यांना बोलवावंही लागलं नाही. आपापल्या घरांचा धूर दिसला तशी एकेक उठून गेली. अंगणात आईचा तेवढा तुटक्या कानाचा राहिला.

"झालं तुझ्या मनासारखं," आई म्हणाली. "एकच."

मी माझा कुठे आहे ते शोधायला गेलो. वरच्या घराच्या दारात पोरांच्या घोळक्यात तो उताणा पडला होता, अंगाला धूळ, पोट आंबिलीनं टम्म. मी पट्टा हातात घेऊन "कम" म्हणालो. त्यानं मान वळवली नाही. मी पुन्हा म्हणालो. पोरं माझ्याकडे बघायला लागली. मग मी वाटेकडे एकदा बघून घेतलं, कॉलनीतलं कुणी येण्याचा संभव नव्हता, आणि यू यू केलं.