ठेचलेली इंगळी

हे मी कधी कुणाला सांगितलं न्हाई. सख्ख्या भावाला न्हाई, पोराला न्हाई. आज तुम्हाला सांगून राह्यलो, कारण — जाऊ द्या, कारण काय असणार?

नव्वदीच्या दशकात जालन्यात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान बरं चालायचं. अशा कोरड्या गावात खाऱ्या पाण्याचा मासा पाळायचा, ही माझी खाज. मुंबईहून आणला — बोटभर, पट्ट्यापट्ट्यांचा, पाठीवर पिसांसारखे काटे. विकणाऱ्यानं बजावलं होतं, काट्यात विष असतं, लागलंच तर सोसवेल तेवढ्या कढत पाण्यात हात बुडवा. घरी येऊन बायकोला, सुनंदाला म्हणालो, एकदम गरीब मासा आहे. खरं सांगितलं असतं तर तिनं तो उंबऱ्याच्या आत येऊ दिला असता का?

हौस माझी, अन् काचेची टाकी, दगड घासायचं काम तिचं! एका सकाळी टाकीतला पोकळ दगड काढून परसात तिच्यापुढं ठेवला. मासा कुठंय ते बघायला पाहिजे होतं — न्हाई बघितलं. तिनं दगडाच्या भोकात बोटं घातली आणि अशी किंचाळली, की अजून कानात आहे माझ्या.

"आवं, विंचू! जल्दी बघा!"

आपल्याकडं दगडाला हात लावला अन् डंख बसला, की विंचूच. दुसरं काही कुणाच्या डोक्यात येणार तरी कसं? शेजारच्या मावशी धावत आल्या, मनगटाला दोरी आवळली, मला म्हणाल्या, "बर्फ आणा."

तिथंच — हाताच्या अंतरावर — आंघोळीचा बंब पेटलेला होता. पाणी कढत होतं. मला ठाऊक होतं. एवढंच बोलायचं होतं, की हात त्या पाण्यात घाल. पण मंग तुम्हाला कसं माहीत, असं तिनं विचारलं असतं ना? मी बर्फ आणायला निघालो.

त्याआधी काय केलं, तेही ऐका. मावशी तिला ओसरीत बसवत होत्या, तेवढ्यात मी दगड नेऊन टाकीत सोडला. मासा सुळकन बाहेर आला, जिवंत. बायको तिकडं विव्हळतेय, अन् मला हायसं वाटलं! थू माझ्या जिंदगीवर.

डॉक्टरांनी विचारलं, विंचू पाहिला का? म्हणालो, काळी इंगळी होती, मीच ठेचली. बिलकुल अडखळलो न्हाई.

दिवसभर तडफडली. डंख बसलेलं बोट पुन्हा वाकलं न्हाई. ब्लाऊज शिवायची ती, गल्लीत नाव होतं तिचं. हुक-काजं जमेनात, तेव्हा मशीन झाकून ठेवलं. पुढं मासा मेला, तर रडली तीच. म्हणाली, "बिचारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात."

सुनंदा अजून चप्पल झटकल्याशिवाय पायात घालत न्हाई. परवा नातीला ते ताठ बोट दाखवून सांगत होती, "इंगळी डसल्ती बाई. तुझ्या आजोबानं ठेचली म्हणून, न्हाईतर अजून कुणाला डसली असती."

नातीनं माझ्याकडं बघून विचारलं, "खरंच, आजोबा?"

मी हो म्हणालो.