विहीणबाईंचे वाकडे टाके

जगातल्या तमाम सरळ रेषांशी जन्मजात वैर असलेल्या एकच बाई मला ठाऊक आहेत, आणि त्या माझ्या विहीणबाई आहेत. माझ्या एकुलत्या मुलीच्या सासूबाई. त्यांचं घर पनवेलजवळच्या नेऱ्याला, माझं पनवेल गावात. बाजारातल्या एका कापडदुकानाच्या माडीवर भरतकामाचा आणि बॅगा शिवण्याचा क्लास निघाला, तेव्हा मी पहिल्याच दिवशी नाव घातलं. यादी करून कात्री, रिंग, सुया, ट्रेसिंग पेपर आणले, दोऱ्यांचे रंगवार डबे केले. थोड्या दिवसांनी विहीणबाई उगवल्या. सोबत सामान काय, तर एक सुई, तीही पदराला टोचून आणलेली. "पोरगी बोलली, आईबरोबर जा, तुमाला पण करमेल," असं म्हणत त्या माझ्याच सतरंजीवर मांडी घालून बसल्या. ही पोरगी म्हणजे माझी पोरगी, आणि यातलं एक अक्षर ती मला बोलली नव्हती.

आमच्या क्लासच्या बाई आधी कार्बनने कापडावर नक्षी उतरवायला सांगतात. विहीणबाईंना ते मंजूर नाही. त्या कापडाकडे बघतात, कापड त्यांच्याकडे बघतं, आणि सुई चालू होते. साखळी टाका कुठे जाडा, कुठे बारीक, जशी लहर लागेल तसा. एकदा सगळ्यांना कमळ भरायचं होतं. "काकी, हे कमळ आहे?" बाईंनी विचारलं. "कमलच होतं, पण आमच्या वावरात भोपला जास्त येतो," विहीणबाई शांतपणे म्हणाल्या. दुसऱ्या एका दिवशी बोलण्याच्या नादात त्यांनी मांडीवरच्या साडीसकट अख्खं फूल भरून टाकलं. उठायला गेल्या तर रिंग साडीला लोंबकळतेय! मी तत्परतेने उसवायला कात्री पुढे केली. "उसवता कनाला?" म्हणत त्यांनी ती घेतली, फुलाभोवतीचं रिंगेतलं कापड गोल कापून टाकलं आणि फूल साडीवर तसंच राहू दिलं. आता कुणालाही वाटेल, बायका हसल्या असतील. छे! पुढच्या आठवड्यात क्लासमधल्या दोघींनी तसंच फूल आपापल्या साडीवर भरून मागितलं.

बॅगेला अस्तर लावताना ती उलटवण्यापुरती जागा मोकळी सोडावी लागते. विहीणबाई चारही बाजू घट्ट शिवून मोकळ्या झाल्या. आतला फोम आत, बॅग उलटेना. मला, खरं सांगते, फार बरं वाटलं. त्यांनी ती दाबून पाहिली, "बसायला बरी हाय" म्हणाल्या आणि अंगाखाली घेतली. महिन्याभरात क्लासमध्ये 'आसनं' हा नवा प्रकार शिकवायला सुरुवात झाली. आणि माझ्या बॅगा? सुताराने गुण्या लावून तपासाव्यात असे कोपरे, चेन कुठे अडत नाही, पायपिंगला चुणी नाही. प्रत्येक जण हातात घेऊन म्हणतो, "अगदी दुकानातल्यासारखी!" आणि खाली ठेवून विहीणबाईंची उचलतो.

हेही मी चालवून घेतलं असतं. पण मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, यात विचारण्यासारखं काय आहे? मी मागची खोली रंगवून घेतली, डॉक्टर ठरवले, डिंक-मेथी आणून ठेवली. तेवढ्यात तिचा फोन. "आई, मी इथेच राहते म्हणतेय. मम्मींबरोबर छान वेळ जातो गं. संध्याकाळी आम्ही दोघी ओट्यावर भरत बसतो." भरत बसतो! माझ्या घरात या मुलीने कधी शर्टाचं बटण लावलं नव्हतं. मी शिकवायला बसले की तिचं डोकं दुखायचं. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि आवरलेलं कपाट पुन्हा आवरलं.

दुसऱ्या दिवशी क्लासला मी पाठ वळवून बसले. विहीणबाईंनी कोपराने ढोसलं. "काय वो विहीणबाय, तोंड कनाला फुगलंय?"

"माझी मुलगी पळवलीत तुम्ही," मी म्हणाले. ठरवलं नव्हतं, निघून गेलं. सगळ्यांच्या सुया थांबल्या.

"मी? अवो, मी तिला रोज सांगते, पयला बालंतपण आईकडंच करायचा."

"मग?"

त्यांनी रिंग खाली ठेवली. दोऱ्याचं टोक बोटात पिळलं. मग म्हणाल्या, "सांगते. पण हलू सांगते. तिला ऐकू जाऊ नये, असं."

बायका खदाखदा हसल्या. आम्ही दोघी नाही हसलो.

"आता मोठ्यानं सांगते," त्या म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवायला लागल्या. तो काही केल्या ओवला जाईना. शेवटी मीच ओवून दिला.

रविवारी त्या मुलीला रिक्षाने घेऊन आल्या. खांद्यावर त्यांनी स्वतः शिवलेली बॅग, एक बंद आखूड, एक लांब, वर भोपळ्याची फुलं. आत बाळाची झबली, टोपडी आणि धुऊन मऊ केलेल्या जुन्या साड्यांची दुपटी होती. सगळं त्यांनी पलंगावर मांडून दाखवलं. सुनेला डावी कूस लागते, फोडणीचा वास सोसत नाही, दुपारी एकटी ठेवू नका, असं माझ्याच मुलीबद्दल मला सांगितलं, आणि मी ऐकून घेतलं. त्यातलं निम्मं मला माहीत नव्हतं. चहा त्यांनी उभ्यानेच प्यायला. "आजची रात्र राहा ना," मी म्हटलं. पुष्कळसं मनापासून म्हटलं. "नाय बाय, व्याह्यांकडं कुनी मुक्काम करतं का?" म्हणत त्या जिना उतरल्यादेखील.

मी गॅलरीत आले. मुलगी आत तिच्या खोलीत, मी रंगवलेल्या भिंतींमध्ये होती. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. खाली विहीणबाई रिक्षात बसल्या. आता सगळी सीट त्यांची होती, पण ऐसपैस बसायचं सोडून त्या अगदी कडेला, दांडीला धरून, अंग चोरून बसल्या. येताना पोरीला धक्का लागू नये म्हणून बसल्या असतील तशाच. रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या तशाच बसलेल्या मला दिसत होत्या.