सक्करदऱ्याची काळी भिंत आणि रंजू

रंजू आज सकाळी गेली. हार्ट अटॅक. हॉस्पिटलपर्यंतही पोचली नाही.

सगळे तिच्या पेंटिंग्जचे फोटो टाकताहेत. मला तिची एक संध्याकाळ सांगायची आहे. मी तिथे होते.

नागपुरात सक्करदरा तलावाजवळ एका कंपाउंडची भिंत रंजूनं रीतसर परवानगी काढून काळी रंगवली होती.

वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, "मला भीती वाटते..."

खाली डब्यात खडू. येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाक्य पूर्ण करायचं.

लोक लिहायचे. पालीची. गणिताच्या पेपरची. बायकोची. हसायचे, सेल्फी काढायचे.

एका दुपारी भाजीची थैली घेतलेली एक बाई थांबली. लिहिलं आणि मागे न बघता गेली.

"ह्यांच्या गाडीचा आवाज आला की."

संध्याकाळी हिंगण्याच्या कारखान्यांची शिफ्ट सुटली. कंपनीच्या युनिफॉर्ममधला एक माणूस बाइक उभी करून भिंत वाचत होता. हसत होता. मग हसायचा थांबला.

"हे कोणं लिहिलं?"

रंजू पुढे झाली. "मीनं."

"खोटं नोको बोलू. माह्या बायकोचं अक्षर हाय हे."

"मीनंच लिहिलं गा भाऊ."

"मंग लिहून दाखव."

रंजूनं खडू घेतला. अक्षर अजिबात जुळलं नाही.

तेवढ्यात शेजारी हार विकणारी काकू उठली. वेड्यावाकड्या अक्षरात तेच वाक्य लिहिलं.

"माह्यंबी अक्षर पाहून घे," म्हणाली.

मग फिरायला आलेल्या एक मॅडम. मग ट्यूशनहून परतणाऱ्या दोन मुली. मग मी.

फक्त खडूचा आवाज.

तो आमच्याकडे बघत राहिला. मग बाइकला किक मारली आणि गेला.

मला वाटलं, सुटलो.

रंजू म्हणाली, "अवं, तो घरीच जाऊन राहिला ना."

काकूला घर ठाऊक होतं. मागचीच गल्ली. आम्ही पोचलो तेव्हा दार आतून बंद, आणि आत भांडी आपटत होती.

रंजू दार वाजवत राहिली. उघडेपर्यंत.

त्यानं उघडलं. दारात आम्ही सगळ्या. मागे गल्ली जमायला लागलेली.

"घरचा मामला हाय. जा इथून."

रंजू त्याच्याशी बोललीच नाही. आत बघून म्हणाली, "ताई, येता का आमच्यासंग?"

किती वेळ गेला कोण जाणे.

मग ती त्याच्या बाजूनं बाहेर आली. अनवाणी. गालावर बोटं उमटलेली.

"माहेर कुठं वं तुमचं?" रंजूनं विचारलं.

"खाप्याले."

खाप्याहून भाऊ येईपर्यंत ती रंजूच्या घरी थांबली. त्या घरात परत गेली नाही. आता माहेरच्या गावात शिलाई करते.

दुसऱ्या दिवशी रंजूनं स्वतः भिंत पुसून काढली.

मी म्हटलं, "अगं, वाचवलंस ना तिला."

"माह्याच भिंतीनं पकडून देलं होतं वं तिले."

त्यानंतर रस्त्यावर तिनं पुष्कळ कामं केली, पण कोणाला लिहायला लावलं नाही.

कोष्ट्याची पोरगी ती. घरचा हातमाग केव्हाच बंद पडला, सूत मात्र उरलं होतं. चौकात जाळी उभी करायची आणि जाणाऱ्याला एक धागा बांधायला सांगायची.

कोणता धागा कोणाचा, ते कोणालाच कळायचं नाही. तिला तेच हवं होतं.

आता तिला पोचवायला घाटावर निघालोय.

रंजू, सावकाश जा.