साहेबरावांनी बुजवलेली भोकं

कुठल्याही चाकाला भोक दिसलं की साहेबराव रणपिसे अस्वस्थ व्हायचे. देवळावरून जाताना लोकांचे हात आपसूक जोडले जातात, तसा यांचा हात भोक बुजवायला पुढे व्हायचा. यात त्यांचा दोष नाही. बारामतीच्या एसटी डेपोत त्यांनी तेहतीस वर्षं टायरचं काम केलं. एवढी वर्षं एकच काम केल्यावर हाताला डोक्याची परवानगी लागत नाही.

निवृत्त होऊन त्यांना चौदा महिने झाले होते. निवृत्त माणसाचा घरात जो मान ठेवतात, त्याच्याइतका वैताग दुसरा नाही. बसा तुम्ही, राहू द्या, तुम्ही कशाला, आम्ही करतो की. त्यांची बायको शालन यात पटाईत. त्यांनी नळाचा वायसर बदलला की ती कौतुक करायची आणि ते विहाराकडे गेले की प्लंबरला फोन लावायची. साहेबरावांना हे ठाऊक होतं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नव्हतं. नळ हे काही त्यांचं काम नव्हतं.

टायर मात्र त्यांचं काम होतं. म्हणून तेजश्रीने ती गाडी घरात आणली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांनाच झाला.

तेजश्री त्यांची एकुलती मुलगी. पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकवते, एकोणतीस वर्षांची आहे. तिने पुण्याहून रिमोटवर चालणारी गाडी आणली होती. जत्रेत मिळते तसली नाही. चांगली हातभर लांब, आत खरंखुरं इंजिन आणि त्याला पेट्रोलही चालत नाही, नायट्रो नावाचं निराळंच इंधन लागतं. गाडी सुरू झाली की असा काही आवाज करायची की गल्लीतली कुत्री पार कॅनॉलपर्यंत पळायची. शालनने कपाळाला हात लावला.

"शिकिवतीस पोरास्नी, आन् खेळतीस सोता व्हय?" ती म्हणाली.

साहेबरावांनी गाडी उलटी केली, चाकाला अंगठा लावला आणि विचारलं, "ह्याला हवा कुठनं भरायची?"

"हवा न्हाय भरत आबा. आत फोमची कडी असती. टायर रिमला ग्लूनं चिकटवायचा."

टायर चिकटवायचा हे ऐकूनच त्यांना कसंतरी झालं. पण आठ दिवसांत ते असे रमले की शालनला पेपर वाचायला जोडीदार उरला नाही. तेजश्रीने एकदा दाखवलं आणि त्यांनी ते उचललं. टायरची कड स्पिरिटने पुसायची, कारण नव्या रबरावर कारखान्यातला तेलकटपणा असतो. रिमची कड पॉलिश पेपरने खरवडायची. आत फोम नीट बसवायचा, कुठे चुणी राहता कामा नये. टायर खोबणीत बसला की वरून रबरबँड चढवायचे आणि पातळ ग्लू थेंबथेंब सोडत गोल फिरायचं. मग बोटाने कड ढकलत तपासायचं. जुना टायर काढायचा असेल तर चाक पाण्यात उकळायचं. त्यासाठी त्यांनी शालनचं दूध तापवायचं पातेलं घेतलं आणि त्या दिवशी घरात जे झालं ते इथे न सांगितलेलंच बरं.

दर रविवारी बापलेक स्कूटरवरून इंदापूर रस्त्याला लागायचे. तिकडे शेळगावात युवराज नावाच्या ऊस बागायतदाराने तोडलेल्या उसाचा खोडवा मोडून अर्धा एकर या खेळाला दिला होता. खाली मुरूम, वर काळी माती, मध्ये उड्या मारायला उंचवटे. सकाळी टँकरने पाणी मारायचं. युवराज चप्पल काढून मातीत टाच रोवायचा आणि सांगायचा, "आजून वल हाय. वाफसा यायला तास जाईल." त्याच्या टाचेवर तेजश्रीचे टायर ठरायचे. वल असेपर्यंत मोठ्या ठोकळ्यांचे. वाफसा आला, म्हणजे ओल बेताची झाली, की बारीक काट्यांचे. दुपारी ऊन चढून माती चकाकायला लागली की तेच काटे, पण कडक रबराचे आणि शक्यतो थोडे झिजलेले. झिजलेला टायर जपून ठेवायचा आणि ऐन वेळेला काढायचा, हे साहेबरावांच्या पचनी पडायला फार वेळ लागला. "झिजला का उतरवायचा," ते म्हणायचे. पण झिजलेल्या टायरवर गाडी वळणात न घसरता गेलेली त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि मान्य केलं. चूक मान्य करायला ते कधीच कचरत नसत. हे लक्षात ठेवायला हवं, कारण घरातल्या दोघी नेमकं हेच विसरल्या.

तर भोकांचं असं झालं. पहिल्याच आठवड्यात साहेबरावांना प्रत्येक रिमला दोन-दोन बारीक भोकं दिसली. ती मुद्दाम ठेवलेली असतील असं त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचे चिमुकले तुकडे कापले, सोल्युशन लावलं आणि एकेक भोक बुजवून टाकलं. याची वाच्यता कुठे केली नाही. जेवणाआधी हात धुतले हे कुणी सांगत बसतं का?

सात महिने असे गेले; चाक उकळलं की तुकडा सुटणारच, म्हणून दर वेळी ते नवा लावायचे. मग एका सोमवारी चाकं धुताना त्यांच्या लक्षात आलं की न उकळलेल्या चाकांचीही भोकं उघडी आहेत. त्यांनी सोल्युशनला शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दुकानातून नवी ट्यूब आणली. पुढच्या सोमवारी भोकं पुन्हा उघडी. तेव्हा तेजश्रीच्या हत्यारांच्या पेटीत ब्रश शोधताना त्यांना एक छोटी प्लास्टिकची डबी सापडली. डबीत रबराचे काळे तुकडे होते, साठ-सत्तर तरी. बाजूला एक बारीक टोच्या होता.

साहेबरावांनी एक तुकडा उचलून पाहिला, तो त्यांच्याच हातचा होता, आणि परत डबीत टाकला. मग ती त्यांनी शालनला दाखवली.

"ठिवा तितंच," शालन घाईघाईने म्हणाली.

म्हणजे हिलाही माहीत होतं.

त्या दिवसापासून त्यांनी चाकांना हात लावला नाही. रागावले म्हणावं तर जेवत होते, बोलत होते, सकाळी फिरूनही येत होते. तेजश्रीला दोन दिवस काही कळेना. तिसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर तिने पेटी उघडली, तर डबी सगळ्यात वर, मधोमध ठेवलेली. ती तशीच अंगणात आली. साहेबराव जास्वंदीला पाणी घालत होते.

"आबा, ती भोकं मुद्दाम असत्यात," ती म्हणाली. "गाडी उडी मारून खाली आली का टायर दबतोय. आतल्या हवेला भाईर जायला वाट लागती. न्हाय मिळाली तर चाकाचा चेंडू होतो, गाडी टणाटणा उडती. लईच दाब आला तर चिकटवल्याली कड सुटती."

साहेबरावांनी पाण्याचा मग खाली ठेवला. आत जाऊन दोन चाकं घेऊन आले, एक उघडं आणि एक बुजवलेलं. दोन्ही अंगठ्याखाली दाबून पाहिली. उघडं चाक मुकाट्याने दबलं आणि सावकाश वर आलं. बुजवलेलं अंगठ्याला उलटं ढकलत राहिलं. तेहतीस वर्षं टायर हाताळलेल्या माणसाला एवढं पुरेसं होतं.

"बराबर हाय तुजं," ते म्हणाले. "चूक माजी."

तेजश्रीचा जीव भांड्यात पडला. पण त्यांचं बोलणं संपलेलं नव्हतं.

"सात म्हैनं मी बुजवतोय आन् तू उघडतीस. मला का न्हाय सांगितलंस?"

"तुमास्नी वाईट वाटंल म्हणून."

"आमच्या डेपोत एकाचं चाक दुसरा तपासायचा," साहेबराव म्हणाले. "काय दिसलं तर हाक मारायची, तोंडावर सांगायचं, आन् ज्याचं त्यानं परत करायचं. समद्यांच्या म्होरं. कुनाला वाईट वाटत नव्हतं गं. वाटलं तरी च्या पिऊस्तवर. तू गुपचूप नीट करत गेलीस. म्हंजी मला कामावरनं काढलंस, आन् कळू बी दिलं न्हाईस."

तेजश्रीला रडू आलं. साहेबरावांनाही यायला लागलं, म्हणून त्यांनी पुन्हा मग उचलला आणि जास्वंदीला गरजेपेक्षा दुप्पट पाणी घातलं.

मुलीने चूक झाली म्हटलं, आईनेही म्हटलं. पण त्याने काही सुटलं नाही. पेटीपाशी बसलं की त्यांच्या मनात यायचं की आपण केलेल्या कामातलं काम किती आणि पोरीने केलेले लाड किती? काटे निवडले तेव्हा ती बरोबर म्हणाली, ते खरंच बरोबर होते का? रिम चांगले खरवडलेत म्हणाली, ते नंतर पुन्हा खरवडले असतील का? सात महिन्यांतलं एकही चाक त्यांना आपलं म्हणता येईना. आणि हे सोडवायला तिच्यापाशीही काही नव्हतं, कारण आता ती कौतुकाचा शब्द बोलली तरी त्यांना तो प्लंबरच्या फोनसारखा वाटायचा. ते "छान छान" म्हणून बाजूला व्हायचे. चाकं ती एकटीच चिकटवायला लागली.

दोन रविवारांनंतर शेळगावात स्पर्धा होती. फलटणहून, अकलूजहून, पुण्याहून गाड्या आलेल्या. साहेबराव जाणार नव्हते, पण शालनने त्यांना घराबाहेर काढलं. "हितं बसून माज्या पायात पायात करू नगा," असं म्हणून तिने डबा हातात दिला.

सकाळच्या फेरीत तेजश्रीची गाडी तिसरी आली, पण येताना मागच्या चाकाचा टायर रिमवर नुसता लोंबत होता. तिने घाईत कड पुसली नव्हती, जुन्या इंधनाचं तेल तसंच राहिलं आणि ग्लूने धरलं नाही. शेवटची फेरी तासाभरात होती. युवराजने टाच रोवून पाहिली. "वाफसा मोडला ताई. दगड झालाय निस्ता."

म्हणजे कडक रबराचे काटे हवेत. असे टायर तिच्याकडे होते, पण सुटे, न चिकटवलेले. इंजिनही नीट धरत नव्हतं, ते तिलाच बघायचं होतं. ती बांधावर बाभळीखाली बसलेल्या बापाकडे आली.

"आबा, चार चाकं करून देता?"

साहेबरावांनी तिच्याकडे पाहिलं. "तपासनार कोन?"

"मी."

"खरं तपासनार?"

"व्हय," ती म्हणाली, पण नजर चुकवून.

ते उठले. सतरंजीवर सगळं मांडून घेतलं आणि कामाला लागले. आधी चारही रिमची भोकं मोकळी आहेत ना ते उजेडाकडे धरून पाहिलं. मग स्पिरिट, पॉलिश पेपर, फोम, रबरबँड, ग्लू. ऊन तापलं होतं, वारं सुटलं होतं आणि धुरळा कामात येत होता, तेव्हा ते वाऱ्याकडे पाठ करून बसले. चाळीस मिनिटांत चार चाकं ओळीने तयार झाली.

तेजश्री आली, गुडघ्यावर बसली आणि पहिलं चाक उचललं. अंगठ्याने कड ढकलत चाक पूर्ण गोल फिरवलं. ठीक. दुसरं ठीक. तिसरं. चौथ्यावर अंगठा अर्ध्यात थांबला.

"तेजूताई, पाच मिन्टं!" युवराज ओरडला आणि बघायला जवळ आला.

तांदळाच्या दाण्याएवढी जागा सुटली होती. कदाचित टिकलं असतं. ग्लूची बाटली तिच्या खिशातच होती. गाडीपाशी नेऊन पाठमोरी होऊन एक थेंब टाकला असता तर कुणाला दिसलं नसतं. साहेबराव तिच्या अंगठ्याकडे बघत होते.   चाक चुकलं हे त्यांना तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं होतं. ती आता काय करते एवढंच राहिलं होतं.

तेजश्रीने चाक उचललं आणि त्यांच्या हातात परत ठेवलं.

"आबा, हे न्हाय चालायचं. हितं कड उघडी हाय." तिचा आवाज आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा होता. "परत करा."

"आवो ताई, आना हिकडं, मी टाकतो थेंब," युवराज मध्ये पडला. "वडीलमानसाला कशाला..."

"न्हाय. त्यांचं काम हाय. त्येच करतील."

साहेबरावांनी चष्मा चढवला. कड नखाने उचलून पाहिली. उघडी होती, चांगली उघडी होती. चाकावरचं त्यांना एकदम धूसर दिसायला लागलं, म्हणून चष्मा काढून पुसला आणि पुन्हा चढवला. बावीस महिन्यांत इतका आनंद त्यांना कशानेच झाला नव्हता. त्यांनी स्पिरिटचा बोळा उचलला आणि डोकं वर न करता खेकसले, "मंग बगत काय उभी ऱ्हायलीस? रबरबँड दे हिकडं. आन् त्या शिट्टीवाल्याला सांग, सुटायचं तर सुटा म्हनावं. चाक झाल्याबिगर आमची गाडी हालनार न्हाय."

बाकीच्या गाड्या सुटल्या. तेजश्रीची गाडी मैदानाच्या दोन चकरा उशिरा सुटली. तोवर ती हातात रबरबँड घेऊन, नव्या हेल्परसारखी, बापासमोर मुकाट उभी होती.