काकींची हजेरी

निवृत्त होताना रोह्याच्या कंपनीने माझं ओळखपत्र परत घेतलं, लॅपटॉप परत घेतला, लॉकरची किल्लीसुद्धा घेतली. माणसांवर लक्ष ठेवायची खोड तेवढी माझ्याकडेच राहिली. तीस वर्षं मी पर्सोनेल खात्यात होतो. शेवटी शेवटी त्या खात्याचं नाव एचआर झालं आणि टेबलं काचेची झाली, बाकी काम तेच. पेणहून नागोठणेमार्गे रोज रोह्याला जायचं, कोण उशिरा आलं ते बघायचं आणि संध्याकाळी परत यायचं. घरी बसल्यावर पहिल्याच महिन्यात मी बायकोच्या कामांचा तक्ता एक्सेलमध्ये करून फ्रिजवर चिकटवला. दुपारच्या झोपेसमोर मी ‘अनुत्पादक वेळ’ असं लिहिलं होतं. तिने तो तक्ता शांतपणे वाचला आणि म्हणाली, “तुम्ही काही दिवस माझ्या भावाकडे जा.”

तिच्या भावाचा, म्हणजे माझ्या मेहुण्याचा, जोह्याला गणपतीचा कारखाना आहे. तिथे वीसेक कारागीर. हजेरी घ्यायची त्याची पद्धत बघून मी कपाळाला हात लावला. सकाळी नऊ वाजता तो दाराशी यायचा आणि पायरीवरच्या चपला बघायचा. कोणाची चप्पल कोणती हे त्याला पाठ. “उजवा अंगठा तुटलेली आली, म्हणजे पॉलिशवाला आला,” असं म्हणून तो आत जायचा. एवढीच नोंद.

“अरे, उद्या कोणी नवी चप्पल घेतली तर?” मी विचारलं.

“पेढे मागतो, भावोजी,” तो म्हणाला.

अशा माणसाला सुधारणं हे मी माझं कर्तव्य मानलं. चेहरा ओळखून हजेरी घेणारं एक ॲप मला ठाऊक होतं. दाराशी टॅबलेट लावायचा, माणूस समोर आला की आतून बाई बोलते: “नमस्कार, अमुक अमुक. आपली हजेरी नोंदवली आहे.” शिवाय कोण किती वेळ कामात, कोणाचा कल कसा, कोणाबद्दल काय निर्णय घ्यावा, हे सगळं ते रंगीत तक्त्यात दाखवतं. नियम आपण भरायचे. मी भरले. हजेरीत तीनदा गफलत झाली की नाव लाल, आणि नावापुढे सूचना: ‘कामावरून कमी करण्याचा विचार करावा.’ प्रत्येक हजेरीचा फोटो साठवून ठेवायची सोय वरच्या पॅकेजमध्ये होती. मेहुण्याने खालचं पॅकेज घेतलं. त्याचं पुढे काय झालं ते सांगतोच.

पहिले चार दिवस नुसता गोंधळ. साच्यात काम करणाऱ्यांची तोंडं प्लास्टरने पांढरीफटक, ॲपला सगळे एकच माणूस वाटायचे. मग पिंपाशी तोंड धुवायची रांग लागली. एकाने मिशी काढली तर ॲपने त्याला दोन दिवस ओळख दिली नाही. दारासमोर पाच फुटी गणपती रंगवायला ठेवला होता, त्याला ती बाई सारखी सांगायची, “कृपया चेहऱ्यासमोरील वस्तू बाजूला करा.” सोंड कुठे बाजूला करणार? शेवटी गणपतीला पाठमोरा फिरवला.

ॲपशी जमवून घेतलं ते फक्त काकींनी. काकी म्हणजे कारखान्यात डोळे आखणाऱ्या बाई. माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून त्या तिथे. गणपतीचे आणि गौरीच्या मुखवट्यांचे डोळे त्यांच्याशिवाय कोणी काढत नाही. नाव नोंदवायचा फोटो काढायचा म्हटल्यावर त्या घरी गेल्या आणि नथ, ठसठशीत कुंकू, अंबाड्यावर गजरा असा सगळा थाट करून परत आल्या. त्यांनी टॅबलेटकडे असं रोखून बघितलं की मीच मागे सरकलो. त्यानंतर त्यांची हजेरी एकदाही चुकली नाही.

एकदाही नाही, हेच मला खटकलं.

एका रविवारी काकी भाचीच्या हळदीला कोलाडला गेल्या होत्या. मला पक्कं माहीत होतं, कारण आमची ही पण गेली होती आणि दोघींचा फोटो मला आला होता. ॲपमध्ये मात्र काकी सकाळी दहापासून हजर. मग मी मागचं तपासलं. ताप आला त्या दिवशीही हजर. दात काढायला पेणला गेल्या त्या दिवशीही हजर. तिन्ही गफलती मी ॲपमध्ये भरल्या आणि काकींचं नाव लाल झालं.

“काकींच्या चपला नव्हत्या हां त्या दिवशी,” मेहुणा म्हणाला.

“चपला हा पुरावा होत नाही,” मी म्हणालो. “आणि तुझ्या खालच्या पॅकेजात हजेरीचे फोटो नाहीत. कोणीतरी त्यांचा फोटो धरून हजेरी लावतंय. त्यांच्या सांगण्याशिवाय कोण लावेल?”

“काकी असं नाय करायच्या.”

“सिस्टीम सांगतेय ना!”

हे वाक्य मी किती रुबाबात म्हणालो होतो! आज आठवलं तरी कानशिलं तापतात. मी रीतसर कारणे दाखवा नोटीस टाईप केली. ‘आपण प्रत्यक्ष गैरहजर असताना हजेरी नोंदविल्याचे निदर्शनास आले आहे. सात दिवसांत खुलासा करावा, अन्यथा कामावरून कमी करण्यात येईल.’ खाली सही केली, माझ्याकडे नसलेल्या पदाची. काकींनी नोटीस घेतली, चष्मा लावून दोनदा वाचली, घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि ब्रश उचलून त्या पुढच्या मुखवट्याकडे वळल्या.  मी नोटिशीची दुसरी प्रत फाईलला लावली.

सातव्या दिवशी चौकशी. मी कारखान्याच्या मधोमध दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या, मेहुण्याला साक्षीदार म्हणून स्टुलावर बसवलं आणि रंगाचा घरघरणारा कंप्रेसर बंद करायला लावला. काकी त्या दिवशी टॅबलेटसमोर न जाता मागच्या दाराने आल्या आणि पदर नीट करून समोर बसल्या.

“तुमची हजेरी कोण लावतं?” मी विचारलं.

“मला काय ठाव, जावयबापू? मशीन तुमचं हाय.”

“तुम्ही कोलाडला होतात आणि इथे हजेरी लागली. हे कसं?”

“तेच तर मी तुमाला इचारायला आले.”

मी आवाज चढवणार इतक्यात एक कारागीर खांद्यावर फळी घेऊन दाराकडे निघाला. बाहेर ऊन पडलं होतं, म्हणून गौरीचे मुखवटे वाळवायला नेत होता. फळीवर सहा गौरी, रांगेत, सगळ्यांची तोंडं टॅबलेटकडे. एरवी कंप्रेसरच्या घरघरीत विरून जाणारी आतली बाई प्रसन्न आवाजात म्हणाली, “नमस्कार, काकी. आपली हजेरी नोंदवली आहे.”

सगळे थांबले. कारागीर एक पाऊल पुढे सरकला.

“काकी, आपली हजेरी आधीच नोंदवलेली आहे.”

अजून एक पाऊल. “काकी, आपली हजेरी आधीच नोंदवलेली आहे.”

सहा गौरी पुढून जाईपर्यंत बाई पाच वेळा तेच म्हणाली. मग सगळ्या कारखान्याने आधी मुखवट्यांकडे पाहिलं आणि मग काकींकडे. डावी भुवई उजवीपेक्षा जरा वर. डोळ्यांचा बाहेरचा कोपरा किंचित खाली. आणि ते रोखून बघणं! इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

काकी लाजल्या. त्यांना लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं. “सुरवातीला मालक म्हनले, कुना चांगल्या बाईचं तोंड बघून काढ,” त्या म्हणाल्या. मालक म्हणजे माझे सासरे. “आता दुसऱ्या बाईकडं टक लावून बघितलं की ती इचारते, काय गो, काय बघतेस? मग मी आरसा घेतला. माझं तोंड कदी काय इचारत नाय.”

कारखाना हसून लोटपोट झाला. मेहुणा तर स्टुलावरून पडलाच. मीही हसलो, पण ते हसू वरवरचं होतं. चूक कबूल करायची ती वेळ होती, शब्द जिभेवर आलेही होते. पण तीस वर्षांत मी कोणत्याही कामगाराला ‘चुकलो’ म्हणालो नव्हतो. तोंडातून निघालं ते असं: “ठीक आहे. तांत्रिक त्रुटी आहे. नोटीस मागे घेतली असं समजावं.”

काकींचं हसू गेलं. त्या उठल्या, ब्रश धुतले, रुमालात गुंडाळले. “माझं तोंड तर येतंय रोज कामाला,” त्या म्हणाल्या. “मी कशाला येव?” आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाहीत. आधी रंगवलेल्या गौरी वाळवायला बाहेर जात होत्या, त्यामुळे ॲपमध्ये मात्र रोज हजर. शनिवारी तर ॲपने त्यांच्या नावापुढे सोनेरी चांदणी लावली: ‘या आठवड्याच्या उत्कृष्ट कर्मचारी.’

गौरी-गणपती महिन्यावर आले होते. फळ्यांवर पुढचे मुखवटे ओळीने मांडलेले, सगळे कोरे. एका कारागिराने धीर करून डोळे आखून पाहिले. भिंतीवर पाल बघितल्यासारखी गौर झाली. दुसऱ्याने काढली ती झोपेतून उठवल्यासारखी. व्यापाऱ्यांचे फोन सुरू झाले आणि मेहुण्याचं जेवण कमी झालं. तो काकींकडे दोनदा जाऊन आला. निरोप एकच: ज्याने कागद दिला त्याने येऊन परत न्यावा.

मी नोटीस रद्द केल्याचं पत्र ॲपमधून पाठवलं, सहीशिक्क्यासकट. काकींचा फोन बटणांचा. पत्र त्यांना मिळालंच नाही, आणि मिळणार नाही हे पाठवताना मला माहीत होतं.

“तुम्ही स्वतः जा ना,” ही म्हणाली.

“माझी चूक नाही. खालचं पॅकेज तुझ्या भावाने घेतलं,” मी ओरडलो. लाज वाटली की मला राग येतो, हे तिला लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून माहीत आहे.  तिने स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढला, त्यातून आमच्या गौरीचा मुखवटा काढला, फडक्याने पुसला आणि डायनिंग टेबलावर बरोबर माझ्यासमोर ठेवला.

“रंग उडालाय हिचा,” म्हणाली. “काकींकडून रंगवून आणायचाय. लग्नात बाबांनी दिला तेव्हा त्यांनीच रंगवला होता.”

मी सकाळचा चहा पीत होतो. वर बघितलं. डावी भुवई जरा वर.

फोन खिशातच होता. बघू तरी म्हणून मी ॲप उघडलं आणि मुखवट्यासमोर धरलं. रंग उडालेला, नाकाचा टवका गेलेला, तरी बाई क्षणभरही अडखळली नाही. “नमस्कार, काकी. आपली हजेरी नोंदवली आहे.”

चहा तसाच राहिला. एकतीस वर्षं दर भाद्रपदात मी हिच्यासमोर डोकं टेकवलं होतं. बढती हिच्याकडे मागितली, मुलीचं लग्न हिच्याकडे मागितलं, गुडघेदुखीचंही हिलाच सांगितलं. आणि हिलाच मी सात दिवसांची नोटीस दिली. मला फार वाईट वाटलं. सरळ सांगायचं तर रडू आलं, आणि ही स्वयंपाकघरात गेली, कारण मला रडताना बघितलेलं मला चालत नाही हेही तिला माहीत आहे.

मुखवटा फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतला आणि जोह्याची एसटी धरली. काकी अंगणात तांदूळ पाखडत होत्या. मला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं, पण बसा म्हणाल्या नाहीत.

“काकी, तो कागद द्या. मी परत न्यायला आलोय.”

त्यांनी कमरेची पिशवी उघडून घडी माझ्या हातात दिली. इतके दिवस ती तिथेच होती.

“काकी, मी चुकलो,” मी म्हणालो. दोनच शब्द होते, पण तीस वर्षांत पहिल्यांदाच बाहेर आले. मग मी वाकायला लागलो.

काकी घाईने मागे सरल्या. “अवो, हे काय! गावाचे जावय तुमी. माझ्या पाया कुटं पडता!”

मी फडकं सोडलं आणि मुखवटा त्यांच्यापुढे धरला. “घरी दर वर्षी पडतोच की.”

काकींनी मुखवटा हातात घेतला. तरुणपणी काढलेल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. अंगठ्याने नाकाचा टवका चाचपला, गालावरची धूळ पुसली. मग त्यांनी दोन्ही पाय जुळवून पुढे ठेवले.

“व्हय,” म्हणाल्या. “मग पडा.”

मी पडलो. उठताना गुडघा कटकन वाजला. तोवर काकींनी मुखवटा काखेत धरला होता आणि पायात चपला सरकवल्या होत्या.

“चला लवकर,” त्या म्हणाल्या. “तिकडं दोनशे बायका आंधळ्या बसल्यात.”